उसवलेली कानपट्टी

एकोणीसशे ऐंशी साल सरत आलं होतं. त्या वर्षी थंडी लवकर आली. पालघरजवळच्या माहीमसारख्या समुद्राकाठच्या गावात एरवी थंडी ती कसली, पहाटे अंगावर एक चादर ओढली की भागायचं. पण त्या साली बायका चुलीपुढून उठेनात, आणि पानाच्या वाडीत उघड्या डोक्याने जाणाऱ्या अण्णांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कानांना मफलर गुंडाळला.

अण्णा म्हणजे मंदाचे सासरे. मंदा पालघरची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन माहीमला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत सहा लुगडी आणि क्रोशाच्या पाच सुया होत्या, असं शेजारच्या काशीबाई चेष्टेने सांगत. पाचसहा वर्षांत गावातल्या निम्म्या रेडिओंवर मंदाच्या हातचे रुमाल आले. कुणाकडे बारसं असलं की टोपडं मंदाकडून. कौतुकाची सवय फार लवकर लागते, तशी ती तिलाही लागली.

त्या वर्षी महिला मंडळाच्या अध्यक्षा वत्सलाताई एक पोतं घेऊन तिच्या ओसरीवर आल्या. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत उत्तरेकडच्या पुष्कळ बायका राहत. त्या बारा महिने स्वेटर विणायच्या. त्यांनी उरलीसुरली लोकर मंडळाला दिली होती.

"डोंगरातल्या आश्रमशाळेत चाळीस मुली आहेत," वत्सलाताई म्हणाल्या. "तिकडची थंडी आपल्यासारखी नाही गं. संक्रांतीला त्यांना बोलावून काहीतरी गरम द्यायचं. कॉलनीतल्या बायकाही येतील बघायला. तू शिकव, आम्ही सगळ्या करतो. आणि लोकर तुझ्या ताब्यात. माहेरी नेऊ नकोस म्हणजे झालं!"

हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मंदाच्या ते मनात राहिलं.

पोतं उघडलं तर आत लिंबाएवढे गुंडे. पिवळा, निळा, शेवाळी, जांभळा, कशाचाच कशाला मेळ नाही. मोठा असा एकच होता, लालभडक, नारळाएवढा. त्यातून स्वेटर होणार नव्हते, टोप्याही नाहीत. मंदाने दोन दिवस विचार करून कानपट्टी काढली. कपाळावरून कानांवर येऊन मागे बांधायची, चार बोटं रुंद. आडव्या नऊ ओळी, दर ओळीला रंग निराळा, आणि मधली पाचवी ओळ सगळ्यांची लाल. चाळीस पट्ट्यांत एकीसारखी दुसरी नव्हती, पण मधल्या लाल ओळीमुळे सगळ्या एका घरच्या वाटत.

रोज दुपारी जेवणं आटोपली की पंधरा बायका मंदाच्या ओसरीवर जमत. साखळी घाला, वळा, खांब घाला, रंग बदला. मंदा फिरून फिरून सांगायची, "टोक वीतभर सोडा. आखूड सोडलंत तर सुटेल. ओळ संपली की चार टाक्यांत ओवा आणि उरलेलं कापून टाका." सुटेल या भीतीने बायका वीतभराच्या जागी हातभर सोडायच्या, मग चांगलं वीतभर उरायचं. दर ओळीला दोन टोकं, ती कापून खाली पडायची. संध्याकाळी ओसरीवर रंगीत गवत उगवल्यासारखं दिसायचं.

ते झाडून काढायची तानी.

तानी पालघरच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. भातकापणी उरकली की ती आणि तिचा नवरा झिपरू खाली यायचे, अण्णांच्या वाडीच्या टोकाला झोपडीत राहायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत जायचे. झिपरू पाणी धरायचा. तानी पानवेली बांधायची. वेल जसजशी वर चढते तसतशी तिला केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाने आधाराला बांधावी लागते. गाठ सैल पडली तर वेल घसरते, घट्ट बसली तर वेलीचा गळा आवळतो. तानीची गाठ दोन वेढ्यांची होती. टोक उलटं फिरवून आतच दडवलेलं, मुगाच्या दाण्याएवढी. अण्णा म्हणायचे, "तानीची गाठ हाताला लागते, डोळ्याला दिसत नाय." मंदाने हे शंभरदा ऐकलं होतं.

तानीला दोन वर्षांची मुलगी होती, बायडी. तिचा डावा कान सारखा वाहायचा. थंडीत ठणका लागला की पोर कानावर हात दाबून बसायची, रडायचीही नाही. तानी तिच्या डोक्याला लुगड्याची चिंधी बांधायची, ती दर घटकेला सुटायची.

संक्रांत तीन आठवड्यांवर आली असताना एका दुपारी लाल गुंडा सापडेना.

सतरंज्या झटकल्या. पोतं उलटं केलं. कोनाडे, माळा, देव्हाऱ्याखालची फळीसुद्धा बघून झाली. अजून बारा पट्ट्यांची मधली ओळ व्हायची होती. सगळ्यांचे हात थांबले.

"काल संध्याकाळी होता," मंदा म्हणाली. "मी बघितला होता."

वत्सलाताई चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मंदाच्या कानांत 'माहेरी नेऊ नकोस म्हणजे झालं' पुन्हा वाजलं.

नेमकी त्याच वेळी तानी मागच्या दाराने आली. हातात झाडू, कडेवर बायडी. आणि बायडीच्या डोक्याला, कपाळावरून दोन्ही कानांवर, चार बोटं रुंद कानपट्टी. पट्ट्यापट्ट्यांची. मधोमध लाल.

ओसरीवरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"अगोबाई," काशीबाई म्हणाल्या, "आपली एक्केचाळिसावी चालत आली!"

दोघीतिघी हसल्या. तानीला वाटलं, कौतुकच चाललंय. तीही हसली. "मी केली," ती म्हणाली. "बघून बघून. झिपरूनी बांबूची सुई तासून दिली."

"आणि लोकर? लोकर कुणी तासून दिली?" काशीबाईंनी विचारलं.

तानीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मंदाकडे वळले. "केरातली हाय, बाय."

"ऐकलंत का!" काशीबाईंनी मांडीवर हात मारला. "आमच्या केरात धूळ निघते बाई. हिच्या केरात गुंडे निघतात."

आता सगळ्या मोठ्याने हसल्या. वत्सलाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मंदाकडे पाहिलं. मंदा उठली. तिला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की लोकर तिच्या ताब्यात होती, आणि आता ती कुणी नेली ते सगळ्यांना दिसलंय.

"तानी, मागितली असतीस तर दिली नसती का मी?" ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम मऊ ठेवला होता. "चोरायची काय गरज होती? डोंगरातल्या गरीब पोरींसाठी आलेली लोकर ती."

"बाय, केरातली हाय," तानी पुन्हा म्हणाली. यावेळी हळू.

मंदाने बायडीच्या डोक्यावरून पट्टी काढून घेतली. पोरीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "उसवून गुंडा करते," मंदा सगळ्यांना म्हणाली. "गेली ती निदान कामाला येईल." क्रोशाचं काम उसवायला काय लागतं? शेवटचा फास मोकळा केला आणि दोरा ओढला की ओळ पळत सुटते. तिने ओढला. सात-आठ टाके सरसर सुटले आणि दोरा अडकला.

गाठ होती. दोन वेढ्यांची, टोक आत दडवलेली, मुगाच्या दाण्याएवढी.

मंदाने जोर करून ती फासातून ओढून काढली. पुन्हा सात-आठ टाके, पुन्हा गाठ. वीतभर निळा, गाठ. वीतभर पिवळा, गाठ. अख्ख्या पट्टीत वितीपेक्षा लांब दोरा कुठे नव्हता.

पहिल्याच गाठीला तिला कळलं होतं. ही गोष्ट पुढे तिने स्वतःपासून कधी लपवली नाही. पहिल्या गाठीला बोटं ओळखून चुकली होती, ती गाठ कुणाची आणि ती टोकं कुठली. तिथेच हात थांबायला हवा होता. 'चुकलं गं माझं' हे शब्द तोंडात अगदी पुढे आले होते. पण चौदाजणी बघत होत्या, आणि हात थांबला असता तर का थांबला हे सांगावं लागलं असतं. म्हणून हात चालूच राहिला. लाल ओळ आली, तीही उसवली. ती तर सगळ्यांत आखूड तुकड्यांची होती, दर चार टाक्यांना गाठ. बायकांनाही दिसत होतं. काशीबाईंचं हसणं केव्हाच थांबलं होतं. एकीने घसा खाकरला. पण कुणीही 'पुरे' म्हटलं नाही, आणि मंदाने शेवटची साखळी उसवेपर्यंत ओढलं.

तिच्या मांडीवर गाठीगाठींचा रंगीत गुंता पडला. त्याचा गुंडा होणार नव्हता.

बायडीने डाव्या कानावर हात ठेवला. तानीने तिला खाली खांबाशी बसवलं, झाडू उचलला आणि रोजच्यासारखी ओसरी झाडली. त्या दिवशीची टोकं तिने केराच्या खड्ड्यात नेऊन टाकली. एकही उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शालू धावत आली. शालू कॉलेजात जाणारी, ओसरीवरच्या क्रोशाच्या वर्गातली सगळ्यांत लहान. आदल्या दिवशी ती मावशीकडे पाम गावाला गेली होती.

"मंदावहिनी, हा घ्या तुमचा गुंडा! एस्टीत बसल्याबसल्या एक पट्टी होईल म्हणून नेला, सांगायचं राहिलं."

लाल गुंडा. मंदाने तो दोन्ही हातांत धरला. "कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "पोत्यातच होता, तळाला, असं सांगू."

"का हो? मी काय चोरलाय?"

"बोलू नकोस म्हटलं ना!"

शालू ओशाळून गेली. मंदा आत आली. कोनाड्यात कालचा गुंता पडला होता. घरात कुठेही वळलं तरी तो नजरेला पडायचा. न्हाणीघराच्या दाराशी बंब पेटलेला होता. तिने गुंता उचलला आणि बंबात टाकला. लोकर भुर्रकन पेटत नाही, आधी आक्रसते. केस जळल्यासारखा वास घरभर सुटला. अण्णांनी ओसरीवरून विचारलं, "मंदा, कुनाचे केस जलले काय गं?"

"नाही अण्णा. पालापाचोळा होता."

उन्हं कलताना तानी मागल्या दारी आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"बाय, गुंडा सापडला ना? शालूबाय विहिरीवर बोलली."

मंदाने होकाराची मान हलवली.

"मंग माजी लोकर द्या. पुना करीन. पोरगी रातभर झोपली नाय."

मंदाने घाईघाईने आतून एक कानपट्टी आणली. तिने स्वतः केलेली, सगळ्यांत सुबक. "ही घे. मऊ आहे बघ, एकही गाठ नाही."

"नको. ती डोंगरातल्या पोरींची हाय."

"बायडीसुद्धा डोंगरातलीच की गं."

"काल नवती," तानी म्हणाली.

मंदाचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"माजी द्या, बाय."

"ती... कुठे ठेवलीय, बघावं लागेल."

तानीने बंबाकडे पाहिलं. वास अजून गेला नव्हता. खालच्या राखेत एक लाल टोक चिकटून राहिलं होतं. ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मंदानेही पाहिलं.

"जाऊ द्या," शेवटी तानी म्हणाली. "पन येक काम करा. शेजारच्या वाडीच्या जमुनाबायनी आज सांगला, आमच्या वाडीत येऊ नको. झिपरू बोलतो, गावात तोंड कसा दावू. तुमी बायांच्या समोर मला चोर बोलल्या. बायांच्याच समोर सांगा, तानी चोर नाय. दुसरा काय नको."

"सांगते," मंदा म्हणाली. तेव्हा ती खरंच मनापासून म्हणाली. "संक्रांतीला सगळ्या असतील, तेव्हा सांगते. तू ये."

"येतो," तानी म्हणाली.

मधल्या तीन आठवड्यांत ओसरीवर रोज बायका जमल्या. रोज मंदाला वाटायचं, आजच सांगून टाकावं, आणि रोज वाटायचं, संक्रांतीचं ठरलंय ना. त्या गाठींबद्दल कुणीच काही बोललं नाही. काशीबाई एकदाच म्हणाल्या, "झालं ते झालं, मोलकरणीला एवढं काही वाटत नसतं," आणि मंदाला ते ऐकून बरं वाटलं. याचीही तिला पुढे लाज वाटत राहिली.

संक्रांतीला देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या. कॉलनीतल्या बायका गाडीतून आल्या. चाळीस मुली दोन रांगांत बसल्या, तिळगूळ हातात घट्ट धरून. वत्सलाताईंनी एकेकीच्या डोक्याला कानपट्टी बांधली. चाळीस डोक्यांवर चाळीस लाल ओळी. फार छान दिसत होतं.

तानी मंडपाबाहेर उभी होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. बायडीला तिने उजव्या कडेवर घेतलं होतं. डावा कान चिंधीने बांधलेला होता.

"आता आमच्या मंदाताई दोन शब्द सांगतील," वत्सलाताई म्हणाल्या.

मंदा उभी राहिली. माइक हातात पहिल्यांदाच आलेला. ती लोकरीबद्दल बोलली, कॉलनीतल्या भगिनींचे आभार मानले, मैत्रिणींच्या कष्टांबद्दल बोलली. मग तानीकडे पाहिलं. तानी जरा पुढे सरकली होती, ऐकू यावं म्हणून.

"आणि..." मंदा म्हणाली.

काशीबाईंनी मान वर केली. शालू दारात तिळगुळाचं ताट घेऊन थबकली. पाहुण्या बायका हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. त्या हसऱ्या चेहऱ्यांपुढे ते कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, हे मंदाला सुचेना. सुचलं असतं. अजून एक श्वास घेतला असता तर सुचलं असतं.

"आणि सगळ्यांनी तिळगूळ घेतल्याशिवाय जाऊ नका," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झोपडी रिकामी होती. पावसाच्या तोंडापर्यंत राहणारी माणसं पौषातच निघून गेली. वेली अर्ध्या बांधून झाल्या होत्या. अण्णा वाडीतून आले ते चिडूनच. "काय झाला त्यांना? मी कदी शब्दानी दुखवला नाय."

मंदा ताटं घेत होती. ती घेत राहिली.

अण्णा पुढे सहा वर्षांनी गेले. शेवटच्या आजारातही म्हणायचे, "तानी आली काय गं? वेली लोंबतायत." त्यांच्या मागे वाडी टिकली नाही. आता तिथे चिकू आहेत.

वत्सलाताई निवृत्त नवऱ्याबरोबर पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. काशीबाईंना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं बोलता येत नव्हतं. मंदा त्यांना भेटायला जायची. एकदा ती त्यांच्या उशाशी बसून सगळं बोलली, गुंडा शालूकडे होता आणि लोकर बंबात जाळली हेसुद्धा. काशीबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या चौदाजणींपैकी ऐकणारी ती एकच, आणि तीही कुणाला सांगू न शकणारी.

शालूचं लग्न बोईसरला झालं. तिथे ती एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. शहाण्णव साली तिचंच पत्र आलं. 'वहिनी, तानी इथे आहे. तिची मुलगी आमच्या पॅकिंग विभागात लागली.'

झिपरू वीटभट्टीवर असताना काविळीने गेला होता. तानी आणि बायडी रेल्वेच्या पलीकडे एका खोलीत राहत होत्या. शालू मंदाला तिथे घेऊन गेली. तानीने ओळखलं. चटई टाकली, चहा ठेवला. केस पांढरे झाले होते. मंदाने बसल्याबसल्या बोलायला सुरुवात केली. पंधरा वर्षं घोकलेलं होतं, पण नीट आलं नाही. शेजारी बसलेली बायडी मध्येच म्हणाली, "मावशी, या बाजूने बोला. त्या कानाने येत नाय ऐकायला."

मंदा उठून दुसऱ्या बाजूला बसली. पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तानीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगता, बाय? मला तर ठावंच हाय. बायांना सांगायचा होता."

"त्या बायका आता कुठे राहिल्या गं?"

"मंग?" तानी म्हणाली. रागाने नाही. चहाचा कप तिच्यासमोर सरकवला. "घ्या. गार होतो."

तानी त्यानंतर चार वर्षं होती. बायडीने पुढे त्याच कारखान्यातल्या एका मुलाशी लग्न केलं. तिला दोन मुलं आहेत, ती पालघरला राहते. हाक मारायची तर तिच्या उजव्या बाजूने मारावी लागते.

मंदा माहीमलाच आहे. नजर अधू झाली तरी थंडीच्या दिवसांत आजूबाजूच्या मुली क्रोशा शिकायला येतात, आणि ती शिकवते. रंग बदलताना टोक वीतभर सोडायला सांगते. कापू मात्र देत नाही. सबंध वीत टाक्यांत ओवून घ्यायला लावते. मुली कंटाळतात. "आजी, एवढं कशाला? कापून टाकलं तर काय होतं?" असं विचारतात.

"ओवा," एवढंच मंदा म्हणते. पुढचं तिने त्यांना अजून सांगितलेलं नाही.